सायकल ट्रॅकच्या पाठपुराव्याला यश

१ नोव्हेंबर, शनिवार

पायलला लॅबमध्ये फुकट मिळालेली डायरी दहा महिने कपाटावर पडून होती. आज काढली. पायल माझी धाकटी बहीण, तिला लिहायला काही नसतं. मला आहे. घरात सांगून उपयोग होत नाही, म्हणून इथे.

परिस्थिती अशी. साहिलच्या सायकल ग्रुपची, हायवे व्हीलर्सची, गोवा राइड बारा डिसेंबरला निघणार. साहिल कॅप्टन. त्याने मला एकच अट घातलीय. नोव्हेंबरमधल्या कुठल्याही दोन रविवारी ग्रुपबरोबर काशिमिरा नाक्याहून निघायचं, वसईच्या पुढपर्यंत जाऊन परत यायचं. दोन राइड झाल्या की नाव यादीत. महिन्यात रविवार पाच आहेत. म्हणजे तीन रविवार ताप आला तरी चालेल.

दुसरी अट पप्पांची. मी मोबाईलचं दुकान सोडलं त्याला बरेच महिने झाले. (मी सोडलं. मला काढलं नाही. हे एकदा लिहून ठेवतो.) पप्पांचे मित्र दत्तारामकाका भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कंपनीत सुपरवायझर आहेत, तिथे डिस्पॅचला माणूस पाहिजे. पप्पा म्हणाले, नाव यादीत आलं तर डिसेंबर तुझा, गोव्याला जा नाहीतर चंद्रावर जा. नाही आलं तर एक तारखेला सकाळी दत्तारामकडे हजर. मी लगेच हो म्हटलं. पप्पा एवढ्या स्वस्तात कधी सोडत नाहीत.

उद्या पहिली राइड. अलार्म चारचा, सव्वाचारचा, साडेचारचा.

२ नोव्हेंबर, रविवार, सकाळी साडेनऊ

उठलो. हे महत्त्वाचं.

राइड झाली नाही. दोष ट्रॅकचा. आमच्या बिल्डिंगच्या मागे नाल्याच्या कडेने सायकल ट्रॅक आहे. हिरवा रंग मारलाय, वर सायकलचं चित्र. माझी रोड बाईक, टायर अंगठ्याएवढा जाड. ट्रॅकवर पेव्हर ब्लॉक, एक वर, एक खाली, एक नाहीच. नवरात्रीच्या मंडपाच्या बांबूंचे खड्डे अजून तसेच. पुढे मधोमध गटाराची जाळी. जाळीच्या फटी आडव्या असत्या तर मी आज वसईला असतो. त्या उभ्या आहेत. पुढचं चाक फटीत असं बसलं, जसं कोणी माप घेऊन फट पाडलीय. चाक थांबलं. मी थांबलो नाही.

गुडघा सोलला, ट्यूब गेली. पंक्चरवाला उघडेपर्यंत त्याच्या शटरला टेकून बसलो. त्याने व्हॉल्व्ह फिरवून फिरवून बघितला आणि विचारलं, ये कौनसा वॉल है भाई, इसमें हवा जाती किधर से है. घरी चालत आलो.

आईने गुडघ्याला हळद लावली. मेन रोड कुणी उचलून नेला का, म्हणाली. मी तिला समजावलं की सायकलवाल्याने सायकल ट्रॅकवरूनच जायचं असतं, तो आपला हक्क आहे. तिने हळद जरा जास्तच दाबली.

चार रविवार बाकी. टेन्शन नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दहिसरला जाऊन ट्यूब आणली. संध्याकाळी प्रॅक्टिस ठेवली होती. निघालो पण. कोपऱ्यावर जेसीबी गॅसच्या लाइनसाठी खणत होता. ज्या ड्रायव्हरने खणलं त्यानेच बुजवलं, मग कोणीतरी येऊन सांगितलं की चुकीच्या बाजूला खणलंय, मग परत खणलं. एवढं कौशल्य मी आजवर पाहिलं नाही. बघता बघता अंधार पडला. बाजूला उभा असलेला एक भैया आणि मी, दोघांचं एकमत झालं की या शहराचं काही खरं नाही.

प्रॅक्टिस झाली नाही. पण रस्त्याची पाहणी झाली, ती पण तयारीच आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ट्रॅकचे फोटो काढून ग्रुपवर टाकले. जाळी, ब्लॉक, मधोमध उभा असलेला विजेचा डबा, त्या डब्याला बांधलेली बकरी. शिवाय ते पिवळे खांब. स्कूटर येऊ नयेत म्हणून लावलेत. स्कूटर बाजूच्या मातीतून आरामात जाते, माझं हँडल मात्र दोन खांबांत अडकतं. खाली लिहिलं की या प्रश्नावर ग्रुपने आवाज उठवला पाहिजे.

साहिलचं उत्तर आलं. "भाई, त्या ट्रॅकवर आम्ही कोणीच जात नाही. मेन रोडने ये, दहा मिनिटांत नाक्यावर पोचशील."

वाईट वाटलं. साहिल चांगला आहे, पण त्याला फक्त सायकल चालवायची आहे. सायकलिंगचा विचार तो करत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

पावणेपाचला खाली. स्वतःवर खूश. ट्रॅकनेच गेलो, पण या वेळी हळू, टॉर्च लावून. जाळी आली, उतरलो, पार केली. तेव्हा लक्षात आलं की पहाटेच्या अंधारात हे किती धोकादायक आहे ते गुरुवारच्या फोटोत दिसतच नाही. पुरावा पहाटेचाच पाहिजे. व्हिडिओ सुरू केला, सोबत बोललो पण. "मित्रांनो, ही बघा जाळी." आवाज घोगरा आला, म्हणून परत घेतला. तिसऱ्यांदा कुत्रं मध्ये आलं. चौथ्यांदा उजाडलं होतं, त्यात धोका दिसेना.

नाक्यावर पोचलो तर चहावाल्याने सांगितलं, तुमचे लोक कधीच गेले. दोन चहा घेतले, एक त्यांच्या वाटचा.

घरी आल्यावर पायलने विचारलं, दादा, वसई कशी होती. मी म्हटलं, मी मोठ्या कामात आहे. ती म्हणाली, मोठ्या कामात माणसं सहसा आंघोळ करतात.

तीन रविवार, दोन राइड. अजून एक शिल्लक राहतोच.

११ नोव्हेंबर, मंगळवार

महापालिकेच्या ॲपवर तक्रार टाकली. दुपारी मेसेज आला, आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे. संध्याकाळी दुसरा आला, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. धावत खाली गेलो. बकरी सोडून नेली होती. बाकी सगळं जागेवर.

मग सरळ आत्मारामभाऊंकडे गेलो. हे आमच्या वॉर्डातले भावी नगरसेवक. निदान त्यांच्या प्रत्येक बॅनरवर तसं लिहिलेलं असतं. मूळचे काशीगावचे. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्यांनी सगळं ऐकलं, मधे दोन फोन घेतले, एका बाईचं पाण्याचं काम केलं. मग म्हणाले, "सह्या हायत का तुझ्याकडं? सह्या न्हाय तर अर्ज नुसता कागद हाय. पब्लिक दाखव, साहेबाला मी ट्रॅकवर आणून उभा करतो."

बाहेर पडलो तेव्हा छाती फुगली होती. हातात काम असलं की माणूस वेगळा चालतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सह्यांची मोहीम. अडचण अशी की सायकलवाले पहाटे असतात आणि पहाटे मला झोप पुरी करावी लागते, रविवारसाठी. म्हणून संध्याकाळी ट्रॅकवर उभा राहिलो. संध्याकाळी तिथे सायकल एकही नाही, पण चालणारे भरपूर. सगळी सिनिअर मंडळी. सही घ्यायची तर यांचीच.

काय प्रतिसाद! वाचायलासुद्धा कोणी थांबलं नाही. ट्रॅक सायकलसाठी योग्य नाही, एवढं म्हटलं की पेन हातातून ओढून घेत होते. पुढाकार हंसाबेन यांचा. बी विंगच्या, हातात कायम काठी, कुत्र्यांसाठी. त्या म्हणाल्या, बेटा, ये जगह सायकल के लिए हैच नहीं, पीछे से आते हैं तो जान निकल जाती है. जी सायकल चालवत नाही, तिलाही सायकलवाल्याच्या जिवाची काळजी. मला भरून आलं. त्यांनी स्वतः बाकाबाकावर जाऊन सह्या मिळवल्या, एका काकांना तर झोपेतून उठवलं.

अंधार पडायच्या आत पानं भरली. रोज चालायला येणारा एक कॉलेजातला पोरगा तेवढा म्हणाला की हे लोक वेगळ्याच कारणासाठी सही करतायत. आजकालच्या पोरांना लोकचळवळ कळत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार, दुपार

झाली. एक राइड झाली.

ट्रॅककडे आज बघितलं नाही. म्हणजे ठरवून नाही, ट्रॅकच्या तोंडाशी रात्री कोणीतरी डेब्रिजचा टेम्पो रिकामा केला होता, म्हणून नाइलाजाने मेन रोडने गेलो. खरंच दहा मिनिटं लागली. साहिलने बघून न बघितल्यासारखं केलं आणि हळूच हात वर केला.

हायवेला लागलो. खाडीवरच्या पुलावर गार वारा, खाली पाणी काळं, पुढे सगळ्यांचे लाल दिवे एका रांगेत. चाकाखाली काही वाजत नव्हतं. नुसता सर्र आवाज. मला वाटत होतं की कोणीतरी मागून सीट धरून ढकलतंय. चढावर माझा दम गेला तेव्हा साहिल मागे आला आणि शेजारून चालवत राहिला. परत येताना तो म्हणाला, अजून एक मार, मग तू आणि मी गोव्यात.

लिहायचं होतं बरंच, पण हात दुखतायत. असं रोज चालवायला मिळालं तर मी माणसात येईन.

यासाठीच आपल्या ट्रॅकची लढाई महत्त्वाची आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आत्मारामभाऊंबरोबर महापालिकेच्या ऑफिसात गेलो. साहेब शांत माणूस. सह्या मोजल्या नाहीत, नुसत्या हातात घेऊन त्यांचं वजन बघितलं. मग माझ्याकडे वळले. तुमच्या मते तिथे सायकल चालवणं धोकादायक आहे का? मी म्हटलं, शंभर टक्के. जीव जाईल? मी म्हटलं, एक दिवस नक्की. गुडघा पण दाखवला. साहेब म्हणाले, मग हे सगळं जसंच्या तसं लिहून द्या, खाली तुमची सही करा.

उभ्या उभ्या लिहिलं. "सदर ट्रॅकवर सायकल चालवणे नागरिकांच्या जिवास धोकादायक असून याबाबत तातडीने कडक उपाययोजना करावी." कडक हा शब्द माझा. साहेबांना आवडला, त्यांनी त्याच्याखाली रेघ मारली.

पाहणीला स्वतः येतो म्हणाले. बाकीचे दिवस मीटिंगा, म्हणून रविवारी सकाळी.

२२ नोव्हेंबर, शनिवार

उद्या राइड पण आणि पाहणी पण.

साहिलला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, साहेबाला दाखवायला तू कशाला पाहिजेस, जाळी जागेवरच आहे. मला हा मुद्दा पटला नाही. अर्जदार हजर नको का? शिवाय तीस तारखेचा रविवार बाकी आहे. लागते एकच राइड, ती तीसला होईल. मी उद्या माझ्यासाठी नाही, सगळ्या सायकलवाल्यांसाठी थांबतोय. हे साहिलला बोललो. तो म्हणाला, सगळे सायकलवाले तर उद्या वसईला असणार आहेत.

२३ नोव्हेंबर, रविवार

साडेसहाला हेल्मेट, ग्लोव्हज, सायकल, सगळं घेऊन ट्रॅकवर उभा राहिलो. साहेब अकराला आले.

पण आले. चालणारे सगळे जमले होते, हंसाबेन पुढे. साहेबांनी जाळी बघितली, मान हलवली. विजेचा डबा बघितला, मान हलवली. मग मला म्हणाले, जरा चालवून दाखवा. चालवली. खांबात हँडल अडकून बाजूच्या डेब्रिजवर आडवा झालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, पॉइंट क्लिअर आहे. आत्मारामभाऊंच्या पोराने माझे फोटो काढले, एकदा पडलेला, एकदा उभा राहून.

वसईचे फोटो ग्रुपवर आले होते. उघडले नाहीत.

२६ नोव्हेंबर, बुधवार

संविधान दिन. संध्याकाळी सगळे विहारात गेलो. कार्यक्रमानंतर पप्पा चार जणांना सांगत होते की आमच्या धम्मदीपने अर्ज केला आणि साहेब स्वतः आला. नागरिकाने मागितलं तर द्यावंच लागतं, म्हणाले. मी मागेच उभा होतो, त्यांना माहीत नव्हतं. पप्पा माझ्याबद्दल लोकांना काही सांगतायत हे मी पहिल्यांदा ऐकलं. आधी फक्त लोकांनी विचारलं तर विषय बदलायचे.

घरी येताना ट्रॅकवर पत्रे लावलेले दिसले. आत मशीन चालू. एवढ्या लवकर.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पत्र्याच्या फटीतून बघितलं. ब्लॉक गेले. जाळी गेली, तिथे सपाट झाकण. पूर्ण लांबीवर लाल, गुळगुळीत, एकसारखं. विजेचा डबा पण कडेला सरकवलाय. मी तिथेच पत्र्याला कपाळ टेकून उभा राहिलो. आत काम करणाऱ्याने विचारलं, क्या चाहिए. मी म्हटलं, कुछ नहीं, मेरा है.

परवा उघडणार म्हणे. परवा रविवार, तीस तारीख, शेवटची राइड. माझ्या ट्रॅकवरून निघेन, नाक्यावर पोचेन, वसई करून येईन. संध्याकाळी यादीत नाव. पप्पांना काही सांगायचीसुद्धा गरज पडणार नाही.

दत्तारामकाकांचा फोन आला होता. पप्पांनी सांगितलं, थांब जरा, पोराचं काहीतरी होतंय.

३० नोव्हेंबर, रविवार

पाचला ट्रॅकवर. पत्रे काढलेले, दिवे लागलेले, लाल रस्ता सरळ नाल्याच्या वळणापर्यंत. पाय पेडलवर ठेवला आणि शिट्टी वाजली.

वॉचमन. नवीन युनिफॉर्म, नवीन खुर्ची. त्याने काठीने वर दाखवलं. बोर्ड होता. ज्येष्ठ नागरिक जॉगिंग ट्रॅक. सायकल चालवण्यास सक्त मनाई.

मी म्हटलं चुकून लागला असेल. तो म्हणाला, साहब ने लगवाया, पब्लिक का कंप्लेंट था. मी म्हटलं, पब्लिक मी आहे. तो म्हणाला, सब यही बोलता है. बोर्डाच्या बाजूला बॅनर होता, माझ्यापेक्षा मोठा. त्यावर मी, हेल्मेट घालून, सायकल धरून. वर आत्मारामभाऊ, हात जोडून. मधे लिहिलेलं, सायकलस्वार युवक धम्मदीप श्रीपती सोनकांबळे यांच्या पाठपुराव्याला यश, जीवघेण्या सायकलींपासून ज्येष्ठांची सुटका.

वॉचमनला म्हटलं, वो देखो, मैं हूँ. त्याने बॅनर बघितला, मला बघितलं, टॉर्च मारून परत बघितलं. हेल्मेट निकालो, म्हणाला. काढलं. म्हणाला, अब तो बिलकुल नहीं लगता.

मेन रोड मागेच होता. दहा मिनिटं. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण माझंच काम, माझीच सही, आणि मीच बाहेर? सोडून कसं जायचं? त्याला अर्जाचा फोटो दाखवला, साहेबांचं नाव सांगितलं, आत्मारामभाऊंना फोन लावला, ते झोपले होते. मध्ये साहिलचा फोन दोनदा वाजला. कट केला, कारण वाद चालू होता. मग त्याचा मेसेज आला. "पाच मिनिटं थांबलो. निघतोय."

वाचला तेव्हा उजाडलं होतं. चालणारे येत होते. प्रत्येक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून जात होता.

संध्याकाळी पप्पा मला घेऊन बॅनर बघायला गेले. आई आणि पायल पण. पायलने सगळं वाचलं, बोर्डही वाचला, माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं. पप्पांनी फक्त नाव वाचलं. मोबाईल मागेपुढे करून फोटो काढला, नांदेडला गावाकडे सगळ्यांना पाठवला.

"आपल्या घरात पहिल्यांदा कोणाचं नाव असं लागलंय," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "हेल्मेट कशाला घातलंस रे फोटोत? तोंडच दिसत नाही."

गोव्याच्या यादीचं त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं. ते म्हणाले, असू दे, एवढं मोठं काम केलंस, आता उद्यापासून कामाला लाग.

१ डिसेंबर, सोमवार

कंपनीत हजर झालो. दिवसभर खोक्यांवर पत्त्यांची लेबलं लावली. एक खोकं गोव्याचं होतं.

सकाळचं लिहायचं राहिलं. घाईत होतो म्हणून ट्रॅकमधून चालत निघालो. चालत कोणी अडवत नाही. चालायला खरंच छान आहे. वळणावर हंसाबेन हातात कागद घेऊन उभ्या. म्हणाल्या, दीपभाई, तुम्हारी ही राह देख रही थी. ट्रॅक बंद झाल्यापासून सगळे सायकलवाले मेन रोडवर आमच्या गेटसमोरून जातायत, तिकडे पण बंद करायचं आहे, और तुम्हारा नाम चलता है, पहली साइन तुम करो.

मी सांगणार होतो. बरंच काही सांगणार होतो. पण शेअर रिक्षा भरत आली होती, एकच सीट बाकी, आणि पहिल्याच दिवशी उशीर नको.

सही केली.